कालव्याकाठचा जिना

हॉलंडला जायचे ते ट्युलिप पाहायला, अशी अहिल्यानगरच्या आडते बाजारातील एका कुटुंबाची अनेक वर्षांची समजूत होती. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा माणसे, नऊ बॅगा आणि खाकऱ्यांचे चार डबे घेऊन ही मंडळी अ‍ॅमस्टरडॅमच्या मुख्य स्थानकावर उतरली, तेव्हा कळलेली पहिली बातमी सर्वांच्याच जिव्हारी लागली. ट्युलिपचा हंगाम मे महिन्याच्या मध्यासच आटोपला होता आणि बागांची दारे बंद झाली होती. कन्येला हे आधीपासून ठाऊक होते. पण नातवाच्या शाळेची सुट्टी, चिरंजीवांची सवड आणि पासपोर्टावरचा शिक्का हे तिन्ही एका रेषेत यायला दोन वर्षे लागली होती; फुलांसाठी आणखी थांबले असते, तर फुलेही नाहीत आणि हॉलंडही नाही, असे झाले असते.

कन्या आणि जावई जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असतात. तेथून अ‍ॅमस्टरडॅम रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, हा जुना संकेत पाळण्यासाठी भाऊंनी मधले तीन दिवस तरी बाहेर काढावेत असे ठरवले, आणि त्या तीन दिवसांचे हे पर्यटन जन्मास आले. जावईबापूंना रजा नव्हती. निघाले ते भाऊ, बाई, चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि वाटाड्या म्हणून कन्या.

भाऊ म्हणजे भुसार मालाचे जुने आडते. वय वर्षे अडुसष्ट. घरी त्यांना मुले, नोकर, हमाल, सगळेच भाऊ म्हणतात, आणि त्यांच्या पत्नीला बाई. चौविहाराचे पच्चक्खाण दोघांनीही तीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी घेतलेले. चिरंजीवांच्या मोबाईलमध्ये या प्रवासात आणखी एक सहप्रवासी होता: आडते बाजारातील वाडा पाडून तेथे दुकाने आणि चार मजले उभारण्याच्या कराराचा मसुदा. आठ महिने त्यावर भाऊंची सही व्हायची राहिली होती. विषय निघाला की भाऊ ‘बघू’ म्हणत, आणि व्यापाऱ्याच्या तोंडचा ‘बघू’ म्हणजे काय, हे त्यांच्या मुलाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मुक्काम एका कालव्याकाठच्या जुन्या घरात होता. त्याचे हॉटेल केलेले. खोल्या तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. जिना पाहून सूनबाईंनी तो माळ्यावर जाण्याची शिडी असावी असे समजून खऱ्या जिन्याची चौकशी केली. तोच खरा जिना होता. पायरीवर पाऊल आडवे ठेवावे लागे, वळणावर भिंतीत अडकवलेला दोर धरावा लागे, आणि वरून कोणी येत असेल तर खालच्याने मागे फिरावे लागे. नऊ बॅगा चढवण्यास चिरंजीवांना पाऊण तास लागला. तेवढ्यात भाऊंनी रस्त्यावर उभे राहून घराच्या माथ्यावरील एक तुळई हेरली होती. छपराखालून बाहेर आलेली, टोकाला लोखंडी आकडा असलेली.

“ही कप्पीची तुळई आहे,” ते म्हणाले. “माल वर चढवायची.”

कन्येने ते खरे असल्याचे सांगितले. या शहरातील घरे अरुंद, जिने त्याहून अरुंद. म्हणून आजही सोफा-कपाट आकड्याला दोर बांधून खिडकीतून आत घेतात. वर चढणारा माल भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरांचा दर्शनी भाग मुद्दाम थोडा पुढे झुकता बांधलेला आहे. भाऊंचा चेहरा एकदम उजळला. बॅगाच काय, बाईंनाही त्याच मार्गाने वर न्यावे, अशी सूचना त्यांनी केली. बाई तोवर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचल्या होत्या. त्यांनी ती ऐकली नाही, किंवा ऐकून सोडून दिली.

त्या संध्याकाळी प्रश्न उभा राहिला तो सूर्याचा. नगरला जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसहाला दुकान सोडायचे, जेवायचे, मग प्रतिक्रमण. अ‍ॅमस्टरडॅमला सात वाजता ऊन असे पडले होते की जणू दुपारचे तीन. सूर्यास्त दहाच्या जरा आधी, सूर्योदय पाच-वीसला. म्हणजे नगरची पावणेअकरा तासांची रात्र येथे अवघी साडेसात तासांची. नवकारसी सहा वाजून आठ मिनिटांनीच पुरी होणार. बाईंनी हा हिशेब आनंदाने स्वीकारला आणि रात्री नऊ वाजता, लख्ख उन्हात, कालव्याकाठच्या बाकावर बसून दही-खाकरा खाल्ला. भाऊंनी मात्र मनगटावरच्या घड्याळात सात वाजताच पाणीही बंद केले.

“व्रत सूर्याचे की घड्याळाचे?” बाईंनी विचारले.

“काटा आपल्या बाजूने झुकला, म्हणून जास्त माप घ्यायचे नसते,” भाऊ म्हणाले.

“आणि डिसेंबरात आलात तर? तेव्हा इथे साडेचारला सूर्य बुडतो म्हणे. मग सातपर्यंत जेवत बसणार का?”

यावर भाऊंनी कालव्यातून जाणाऱ्या एका नावेकडे फार बारकाईने पाहिले. बाईंचा विजय झाला होता, पण त्याचे मोलही त्यांनाच द्यावे लागले. सूर्यास्तानंतर प्रतिक्रमणाला बसायचे तर रात्रीचे सव्वादहा. दिवसभर चाललेल्या बाईंना मध्येच पेंग येऊ लागली, आणि उपवासासारखे तीन तास काढलेले भाऊ भुकेने टक्क जागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी ते शहर खऱ्या अर्थाने पाहिले. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे सतराव्या शतकात एकामागून एक असे वळणदार खणले गेले, आणि त्यांच्या काठी व्यापाऱ्यांनी घरे बांधली. २०१० मध्ये युनेस्कोने या वलयाला जागतिक वारशात स्थान दिले. दर्शनी रुंदीवर कर बसे, म्हणून घरे अरुंद आणि खोल, असे तेथे सांगतात. पण भाऊंना थांबवले ते आतल्या रचनेने. खाली पेढी, मध्ये कुटुंबाचे राहणे, आणि वर माळ्यावर माल. दालचिनी, मिरी, कापड, धान्य, जे असेल ते. मालक झोपायचा तो आपल्या मालाच्या खाली आणि आपल्या गादीच्या वर. आडते बाजारातील वाडाही नेमका असाच आहे. खाली गादी आणि वखार, मधे घर, वर माळा. पुढच्या गवाक्षावर लाकडी कप्पी अजून आहे, तिचा दोर तेवढा कुजला.

“चारशे वर्षे झाली, तरी पाडली नाहीत,” भाऊ म्हणाले. हे वाक्य कालव्याला उद्देशून होते, पण ते कुठे पोचायचे तेथे पोचले. चिरंजीवांनी फक्त एवढेच सुचवले की, बहुतेक घरांत आता वकिलांच्या कचेऱ्या आणि हॉटेले आहेत, आणि भिंत जुनी असली तरी आत पुष्कळ काही नवे घातले आहे. भाऊंनी ते कानाआड केले.

कन्येने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकताना भाऊंचा उत्साह थोडा मंदावला. या घरांतली कित्येक १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशावर उभी राहिली. जायफळाचा व्यापार एकहाती राहावा म्हणून त्या कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारून वा हाकलून संपवली. बाईंनी विचारले, “जायफळासाठी?” श्रीखंडात किसून घालतात त्या जायफळासाठी. नंतर बराच वेळ त्या कोणाशीच बोलल्या नाहीत.

न्यूमार्क्ट चौकात ‘वाख’ नावाची बुरुजांची जुनी इमारत आहे. १४८८ ची ती शहराची वेस. पुढे शहर तिच्याबाहेर वाढले आणि १६१७ पासून ती वजनघर झाली. बाजारात येणारा माल येथे शहराच्या काट्यावर तोलला जाई. विकणाऱ्याच्या काट्यावर नाही, घेणाऱ्याच्याही नाही. आज तेथे उपाहारगृह आहे. भाऊंनी त्या इमारतीला पूर्ण फेरी मारली. बाजार समितीच्या काट्यावरून आयुष्यात जेवढे वाद त्यांनी ऐकले, तेवढ्या पोत्यांचीही कदाचित विक्री केली नसेल.

पैशाच्या बाबतीतही या शहराने तोच मार्ग धरला. झिजलेली, कातरलेली, नाना राज्यांची नाणी बाजारात फिरत होती. म्हणून १६०९ मध्ये नगरपालिकेने विनिमय बँक काढली. ती नाणी त्यांच्यातील खऱ्या धातूच्या मोलाने स्वीकारी आणि तेवढी रक्कम खात्यावर जमा करी. सहाशे गिल्डरच्या वरच्या हुंड्या या बँकेतूनच चुकत्या कराव्या लागत. पुढे नगरभवनाची जी भव्य वास्तू झाली, आणि जी आज दाम चौकात राजवाडा म्हणून उभी आहे, तिच्यातच या बँकेचा कारभार चाले. दलदलीच्या जमिनीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून ती वास्तू उभारली. ती अजून ढळलेली नाही. बँक मात्र ढळली. ठेवींतून कंपनीला गुपचूप कर्जे दिली गेली, अठराव्या शतकाच्या अखेरीस ते उघडकीस आले, विश्वास उडाला. १७९९ च्या शेवटी कंपनी विसर्जित झाली आणि १८१९ मध्ये बँकही बंद झाली. खांब लाकडाचे होते आणि पाण्याखाली राहिल्याने टिकले. खातेवह्यांचे तसे नसते.

जेवणाविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण या कुटुंबाचा निम्मा वेळ त्यातच गेला. डच लोकांचे अभिमानाचे पक्वान्न म्हणजे हुत्स्पोत. बटाटे, गाजर आणि कांदा एकत्र शिजवून घोटलेले. १५७४ मध्ये लायडन शहराचा वेढा उठला, त्याच्या स्मरणार्थ दर ३ ऑक्टोबरला ते खातात. तीन कंदमुळे एकाच ताटलीत आणि तीही विजयोत्सवाची! रस्त्यावर कागदाच्या सुरळीत तळलेले बटाटे मिळतात, वर अंड्याचे मेयोनीज. नातू त्या दुकानांवरून जाताना चालण्याचा वेग कमी करी आणि काही न बोलता आजोबांकडे पाही. चीज हा तर या देशाचा प्राण. परंतु ते घट्ट करण्यासाठी पुष्कळदा वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. कन्या दुकानातील प्रत्येक वेष्टन उलटून ‘स्ट्रेम्सेल’ हा शब्द शोधी. त्याच्यामागे ‘सूक्ष्मजीवजन्य’ असा अर्थ निघाला तर टोपलीत, नाहीतर परत फळीवर. तिच्यामागे पाच माणसे रांगेत उभी असत, आणि त्यांपैकी एकानेही कधी कपाळाला आठी घातली नाही, हे नोंदवले पाहिजे. शेवटी नातवाला अंडे नसलेली पाकातली वॅफल मिळाली. दोन दिवसांत त्याने चौदा खाल्ली.

दुपारी रेल्वेने झान्से स्कान्सला जाणे झाले. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेस झान नदीकाठी एके काळी शेकडो पवनचक्क्या होत्या. त्यांतल्या काही येथे अजून फिरतात. पवनचक्की म्हणजे पीठ दळण्याचे साधन, एवढेच मंडळींना ठाऊक. त्यातली एक तेलाची निघाली. दारातच भाऊ थबकले. “जवस,” ते म्हणाले. आत खरोखर जवसच होता. दोन प्रचंड दगडी चाके उभी फिरत होती आणि खाली बी चिरडले जात होते. मग तो चुरा गरम करायचा, पिशवीत भरायचा आणि पाचरीवर घण घालून तेल काढायचे. राहिलेली पेंड गुरांना. त्या चक्कीवाल्याला इंग्रजी येत होते आणि भाऊंना येत नव्हते. तरी दोघे अर्धा तास बोलले. पेंडीचा तुकडा भाऊंनी चिमटीत दाबून पाहिला, हुंगला आणि मान डोलावली. चक्कीवाल्यानेही डोलावली.

“वाऱ्यावर चालणारी घाणी,” भाऊ बाहेर येऊन म्हणाले. “म्हणजे बैल सुटला.”

“यंत्रपीलन ते यंत्रपीलनच,” बाई म्हणाल्या. पंधरा कर्मादाने त्यांना मुखोद्गत आहेत. “बियातले जीव काही वाऱ्याने सुटत नाहीत.” त्या एका बाकावर बसल्या होत्या आणि दुसरी चक्की पाहायला उठल्या नाहीत. कंटाळा आला, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी व्हॅन गॉग संग्रहालय. तेथे प्रवेशाची वेळ आधीच ठरवून तिकीट घ्यावे लागते. सूर्यफुलांपुढे गर्दी होती. बाई गर्दी टाळून पुढे गेल्या आणि एका अंधाऱ्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. १८८५ चे चित्र. एका टांगत्या दिव्याखाली शेतकरी कुटुंबातील पाच माणसे मेजाभोवती बसली आहेत आणि वाफाळलेले बटाटे खात आहेत. कन्येने शीर्षक सांगितले: बटाटे खाणारे.

“रात्रीभोजन,” बाईंनी मोजायला सुरुवात केली, “आणि कंदमूळ.” सूनबाईंना हसू आवरेना. मग बाई जवळ सरकल्या. चित्रातल्या हातांकडे पाहत राहिल्या. गाठाळलेले, मातकट, हाडे वर आलेले हात. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटलीत जात आहेत, हे चित्रकाराला दाखवायचे होते. बाईंना ते कोणी सांगितले नव्हते. “दिवसभर राबली आहेत बिचारी,” त्या म्हणाल्या. “दिवा लागेपर्यंत घरीच आली नसतील. मग खाणार कधी?” चौविहाराविषयी इतके मोकळे वाक्य त्यांच्या तोंडून घरात कोणी ऐकले नव्हते.

संध्याकाळी सिंगेल कालव्यावरच्या फुलबाजारात ट्युलिप अखेर भेटला, पण कांद्याच्या रूपात. म्हणजे तोही कंदच. या कंदांच्या सौद्यांचे भाव १६३७ मध्ये एकाएकी कोसळले. कंद जमिनीत, माल कोणी पाहिलेला नाही, आणि कागद हातोहात फिरतो आहे. डच लोक त्याला वाऱ्याचा व्यापार म्हणत. भाऊंना हे आवडले. सट्ट्याविषयी त्यांचे मत वेगळे नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील शेवटच्या हिवाळ्यात येथील माणसांनी भुकेपोटी हेच कंद शिजवून खाल्ले, हे मात्र कन्येने बाईंना मुद्दामच सांगितले नाही.

परतल्यावर बाई जिना चढू लागल्या. त्या दिवशी चिरंजीव खाली पैसे चुकते करीत होते, सूनबाई आणि कन्या मुलाला घेऊन मागे राहिल्या होत्या, म्हणून बाईंच्या मागे भाऊ एकटेच होते. पहिल्या वळणावर बाईंनी दोर सोडला आणि पुढच्या पायरीवर दोन्ही हात टेकले. मग गुडघा. मग दुसरा. तान्ही मुले चढतात तशा त्या चढत होत्या. दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवरच बसल्या.

“हे केव्हापासून?” भाऊंनी विचारले.

“काय केव्हापासून?”

“हे. असे चढणे.”

“झाली असतील चार-पाच वर्षे,” बाई म्हणाल्या. “आपल्या जिन्यालाही दोर आहे, पण तो डाव्या हाताला. माझा डावा गुडघाच जास्त दुखतो.”

“मला कधी दिसले नाही.”

“तुम्ही गादीवर असता. जेवायला वर येता तेव्हा मी वरच असते.”

भाऊ खालच्या पायरीवर बसले. वाड्याच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. तोंडी हिशेब हा त्यांचा स्वभाव; तो सुटत नाही. दिवसाला कमीत कमी सहा वेळा. धान्य निवडायला, पाणी भरायला, दारात आलेल्याला पाहायला, स्थानकात व्याख्यानाला. एकशे बत्तीस. वर्षाला अठ्ठेचाळीस हजार एकशे ऐंशी. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे. लीप वर्षांचे दिवस सोडले, तरी एकवीस लाख एकोणीस हजार नऊशे वीस. ते आकडा मोठ्याने बोलले नाहीत. वरून एक जर्मन जोडपे उतरत होते. दोघांना पायरीवर बसलेले पाहून ते निमूट परत वर गेले.

रात्री साडेआठला बाई खाली आल्या नाहीत, तेव्हा भाऊंनी स्वतः दही, खाकरे आणि मेथीची सुकी चटणी ताटलीत घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीबाहेर ती तुळई आणि तिचा आकडा, आणि त्यापलीकडे कालव्यावर पिवळे ऊन. दोन ताटल्या पाहून बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवले.

“सूर्य आहे,” भाऊ म्हणाले, आणि खाकरा मोडला.

चिरंजीव तिकिटे दाखवायला आत आले तेव्हा भाऊंनी त्यांचा मोबाईल मागितला. तिकिटे नव्हे, तो आराखडा. बोटांनी चित्र मोठे करीत त्यांनी बराच वेळ काहीतरी शोधले.

“लिफ्ट कुठे आहे?”

चिरंजीवांनी दाखवली. चार माणसांची.

“सहाची केली तर किती जादा पडतील?”

“विचारावे लागेल, भाऊ.”

“विचार. आणि पुढची तुळई आणि कप्पी उतरवून ठेवायची. मोडीत द्यायची नाही.”

“स्वयंपाकघराची खिडकी मात्र पूर्वेला हवी,” बाई मध्येच म्हणाल्या. “त्यांनी ती पश्चिमेला काढली आहे, जिन्याशेजारी. नवकारसीचा सूर्य दिसणार कसा?”

भाऊंनी आराखडा पुन्हा पाहिला. खिडकी पश्चिमेलाच होती, जिन्याशेजारी. बाईंनी तो यापूर्वी केव्हा पाहिला, हे त्यांनी चिरंजीवांना विचारले. चिरंजीव तिकिटे मोजू लागले.